तू भिजत घातलेले गहू

दीनाताई,

तू गेलीस त्या सकाळी आपलं भांडण झालं होतं. कारण काय, तर गहू. एवढ्या वर्षांत आपण देवावरून भांडलो, माझ्या रूथच्या लग्नावरून भांडलो, पंख्याच्या वेगावरून तर रोजच भांडायचो, आणि शेवटचं भांडण निघालं ते परातीतल्या गव्हावरून. तू खिडकीशी बसून खडे निवडत होतीस. मी म्हटलं, "यंदा हलवा विकत आणू. ठाण्याच्या त्या बाई करून देतात, फोन केला की झालं. तुझे गुडघे शेगडीपुढे उभं राहायच्या लायकीचे राहिलेले नाहीत." तू मान वर न करता म्हणालीस, "त्या नारळाचं दूध पातळ घालतात." मी म्हटलं, "मग पातळ खाऊ." तू म्हणालीस, "तू खा."

आणि सगळे गहू मोठ्या पातेल्यात ओतलेस, वर पाणी सोडलंस, झाकण ठेवलंस. मग दर वर्षी नव्या वर्षाच्या सणाआधी विचारायचीस तो प्रश्न विचारलास. "शमू, माझ्यानंतर गहू कोण भिजत घालणार?" मीही माझं दर वर्षीचं उत्तर दिलं. "कोणी नाही. तुझ्यानंतर हे सगळं बंद." तू हसलीस आणि म्हणालीस, "बघू." त्याच संध्याकाळी चहा झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी मान हलवली. पातेलं ओट्याखाली जिथं तू ठेवलं होतंस तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी तुला पोचवून आलो आणि जमिनीवर बसलो. आपल्या यहुद्यांत सात दिवस असं बसायचं असतं. चटई घातली, आरशावर चादर टाकली, तुझ्या नावाचा दिवा लावला. समोरच्या दाराची सुगंधा डाळभात आणून देत होती, कारण सुतकाच्या घरानं आपली चूल पेटवायची नाही. मी बसलो होतो आणि मला बसायचं होतं, ताई. सिनेगॉगमध्ये घड्याळाकडे बघत बसणारा, उपासाच्या दिवशी दुपारी गॅलरीत जाऊन गपचूप पाणी पिणारा मी. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या धर्मातली एक गोष्ट मला मनापासून करायची होती. सात दिवस काही करायचं नाही, कुठं जायचं नाही, फक्त तू गेलीस एवढं एकच काम. ते मला जमलं असतं.

तर तिसऱ्या दिवशी दुपारी पनवेलहून हनोखमामा आले. त्यांचं वय तुला माहीत आहे, तरी दोन जिने चढून आले, कारण लिफ्ट बंद होती. धापा टाकत दारातूनच म्हणाले, "ऊठ. आंघोळ कर, कपडे बदल. आज सांजेला नवं वर्ष लागतं."

"मामा, अजून दिवस राहिलेत."

"राहिले नाहीत. सण लागला की सुतक उठतं. मधे सण आला तर पुढचे दिवस धरायचे नसतात."

मला वाटलं, म्हातारा काहीतरी चुकतोय. पण ते चुकत नव्हते. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. नव्या वर्षाचा सण सात दिवसांचं सुतक संपवतो, आणि त्यानंतर महिनाभर जे साधं दुःख पाळायचं, दाढी करायची नाही, आनंदात जायचं नाही, ते दहा दिवसांनी येणारा दारफळणीचा, उपासाचा सण संपवतो. म्हणजे बहिणीसाठी ठेवलेलं महिनाभराचं दुःख आपल्या पंचांगानं पंधरवड्यात गुंडाळलं. मी उसळलो. म्हटलं, "तुर्भ्याच्या कारखान्यात घरचं माणूस गेलं की रजा मिळायची. मधे दिवाळी आली म्हणून ती कोणी कापत नसे. देव कारखान्यापेक्षा कडक आहे का?"

मामांनी खुर्ची ओढली, बसले. "दुःख करू नको असं कोन म्हनतंय? जमिनीवर बसून करू नको, एवढंच. दीना तुझी बहीन होती. सण सगळ्यांचा हाय."

मला राग मामांचा आला नाही, तुझा आला. हे सण तुझे होते. तू ते या घरात आणलेस. रूथची आई गेली तेव्हा तू शाळेची नोकरी सांभाळून दोन पिशव्या घेऊन नेरुळला आलीस, चार दिवस राहते म्हणून, आणि इथंच निवृत्त झालीस. त्या पिशव्यांपैकी एकीत कपडे होते आणि दुसरीत आईचं हलव्याचं जाड बुडाचं पातेलं. मी विचारलं होतं, हे कशाला? तू म्हणालीस, पोरीला आई नाही, निदान सण तरी असू देत. रूथ मोठी झाली, लग्न करून इस्राएलला गेली, तिथं तिला सण कमी नाहीत. पण ते पातेलं इथंच राहिलं, आणि तूही.

आपलं खरं भांडण त्याच्यावरूनच होतं, नाही का? मी म्हणायचो, पश्चात्ताप व्हायचा तेव्हा होतो. तो काय तारीख बघून येतो? नवं वर्ष लागलं, शिंग फुंकलं, आता दहा दिवस पापं आठवा, दहाव्या दिवशी उपास करा, देवानं माफ केलं, पंधराव्या दिवशी मांडवात बसून जेवा. मनाला असं टाइमटेबल लावता येतं का? तू शिक्षिका, तुला टाइमटेबलाचा अपमान सहन व्हायचा नाही. तू म्हणायचीस, "तुझ्या कारखान्याचा भोंगा व्हायचा तेव्हा तुझं मन विचारायचा का? भोंगा झाला की तू उठायचास. कामावर गेल्यावर काम सुचायचं. मनाची वाट बघत बसलास ना शमू, तर मन अंथरुणातच राहील." मी म्हणायचो, भोंग्याचा पगार मिळतो. तू म्हणायचीस, "ह्याचाही मिळतो, तू पाकीट उघडत नाहीस." मग मी पेपर वाचायला लागायचो आणि भांडण पुढच्या वर्षावर जायचं.

आता तुझा भोंगा झाला होता आणि मी उठत नव्हतो. मामा टॉवेल हातात घेऊन उभे. मी चटईवर. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, "मी यंदा सण करणार नाही. तुम्ही जा. तुम्हाला उशीर होईल." ते गेले नाहीत. आणि तेवढ्यात सुगंधा आत आली, हातात तुझं पातेलं घेऊन.

ताई, ते पातेलं ओट्याखाली आहे हे मी विसरूनच गेलो होतो. ती विसरली नव्हती. तू गेलीस त्या रात्री मंडळी जमली, रडारड झाली, त्यातही तिनं स्वयंपाकघरात जाऊन झाकण उघडून पाहिलं होतं. सकाळी तिनं गव्हाचं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशीही बदललं. आणि काल पातेलं उचलून आपल्या घरी नेलं, गहू वाटले, पंच्यातून गाळले, रातभर निवळायला ठेवले. आज वरचं पाणी ओतून टाकलं होतं आणि तळाशी चीक बसला होता, दह्यासारखा पांढरा आणि घट्ट.

मी ओरडलोच. "कोणी सांगितलं तुला हे?"

सुगंधा शिरवणे गावची, आगऱ्याची पोर. कोणी ओरडलं की तिचा आवाज आपल्यावर एक पट्टी चढतो. "कोनी सांगायला कशाला पायजे? झाकन काढून बघतंय तं गहू फुगून वर आलेले. आमी दर उन्हाळ्यात कुरड्या घालतो, मना चीक काय नवीन हाय? ताईनं मरताना भिजत घातलेलं हाय, मी फेकून देऊ?" आणि तिनं ते पातेलं माझ्या चटईवर, माझ्या पायाशी ठेवलं. "तुला नको तं तूच फेक. हा घे. उचल नि वत मोरीत."

सुगंधा कमरेवर हात ठेवून उभी. मी पातेल्याकडे बघत बसलो. तुझ्या हातचं ते शेवटचं काम होतं. तू निवडलेले, तू धुतलेले, माझ्याशी भांडता भांडता तू पाण्यात घातलेले. मी दोन्ही हातांनी पातेलं उचललं. ते जड होतं, त्यामुळे ते घेऊन उठायला मला गुडघ्यावर यावं लागलं, मग उभं राहावं लागलं. मामा हळूच म्हणाले, "झालं. उठला." मी देवासाठी उठलो नव्हतो. पण मी उठलो, हे खरं आहे.

आंघोळ करून आलो तोवर सुगंधानं नारळ फोडून ठेवले होते. तू ढवळायचीस आणि मी नारळ खवायचो, ही आपली वाटणी. यंदा नारळ मामांनी खवले, आणि ढवळायला मी उभा राहिलो. मला इतक्या वर्षांत हे कळलं नव्हतं की हलवा म्हणजे उभं राहणं आहे. चीक, नारळाचं दूध, साखर, मंद आच, आणि मग एकाच जागी उभं राहून लाकडी कालथ्यानं गोल गोल, तळापासून. तू म्हणायचीस, हात थांबला की तळ धरतो. माझा खांदा भरून आला. सुगंधा म्हणाली, "सरक." ती ढवळायला लागली. तिच्या घरी सकाळीच घट बसला होता, तिचे नऊ दिवसांचे उपास सुरू झाले होते, गहू तोंडात घालायची सोय नाही. तरी ती ढवळत होती. तिचा मिक्सर, तिचा पंचा, तिचा हात. तुझ्या नियमात हे बसतं की नाही मला ठाऊक नाही. तू असतीस तर नाक मुरडलं असतंस आणि मग दोन वड्या जास्त तिच्याच घरी पाठवल्या असत्यास.

कडा सुटायला लागल्या, वर खोबऱ्याचं तेल दिसायला लागलं, तेव्हा मी रंग घातला, वेलची घातली, ताटात ओतला. खरवडून बघतो तर तळ धरलाच होता. थोडा काळा. आणि मी तिथंच, ओट्यापाशी, कालथा हातात घेऊन रडलो. चटईवर बसून मला रडू आलं नव्हतं, ताई. तिथं मी नुसता बसलो होतो. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, निघायला पायजे. अंधाराच्या आत पोचू." गरम ताट फडक्यात बांधून मांडीवर घेतलं आणि आम्ही पनवेलला गेलो.

दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये शिंग फुंकलं. मेंढ्याचं ते वाकडं शिंग, त्याचा आवाज काही गोड नसतो, हे आपण दोघंही मान्य करायचो. तू बसायचीस त्या बायकांच्या बाजूकडे मी बघितलं नाही. माझ्यासाठी तो आवाज म्हणजे तुर्भ्याची पहिली पाळी. सकाळी सात, डोळ्यांत झोप, तरी माणूस गेटमधून आत. पहिल्यांदाच मला वाटलं, तुझं बरोबर असेल. शिंग मला सुखी आहेस का विचारत नव्हतं. आलास का, एवढंच विचारत होतं. आणि मी आलो होतो, कडू तळाचा हलवा घेऊन. मामींनी तो सगळ्यांना वाटला. म्हाताऱ्या बायकांनी खाऊन बघितला आणि एकमेकींकडे पाहिलं. एकीनं हळूच विचारलं, "दीनाचाच का?" मी हो म्हटलं.

मग ते दहा दिवस. तू या दिवसांत फार गोड वागायचीस, मला भीती वाटायची. दारफळणीच्या आधी एक दिवस तू माझ्यापुढे येऊन उभी राहायचीस, पदर नीट करून, आणि शाळेत प्रार्थना म्हणावी तसं म्हणायचीस, "शमू, वर्षभरात जे काही बोलले-चालले असेन त्याची माफी कर." मी म्हणायचो, "फार आहे, हप्त्याहप्त्यानं करतो." तू चिडायचीस आणि तिथंच नव्या वर्षाचं पहिलं भांडण व्हायचं. यंदा कोणी आलं नाही. मी स्वतःच तुझ्या रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहिलो, आणि मला माफी सुचली नाही, मला आभार सुचले. तू माझ्या पोरीला वाढवलंस. तू माझ्या घरात दिवा ठेवलास. हे मी तुला एकदाही म्हटलं नव्हतं, कारण तू मध्येच म्हणाली असतीस, "बरं बरं, पेपर वाच." म्हणून आता म्हणतो. ऐकून घे.

दारफळणी. तू हे नाव किती लोकांना समजावलंस! आम्ही यहुदी. नाही, पारशी नाही. हो, इथलेच, कोकणातले, आमच्या आजोबांच्या गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. आणि दारफळणी म्हणजे दार लावून घ्यायचा सण. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत उपास, अंगावर पांढरे कपडे, दार बंद, कोणाकडे जायचं नाही, कोणाला आत घ्यायचं नाही. आणि गंमत अशी की आपलं पंचांगही चंद्राचं, त्यामुळे घटस्थापनेच्या आसपास आपलं नवं वर्ष येतं आणि दसऱ्याच्या आसपास दारफळणी. ज्या दिवशी सगळी सोसायटी सोनं वाटत दारोदार फिरते, नेमकं त्या दिवशी आपलं दार बंद.

आठवतं ना, तू राहायला आलीस ते पहिलं वर्ष? दसरा. सुगंधाची सासू आपट्याची पानं घेऊन आली, बेल वाजवली. आत दिवा दिसतोय, कोणी उघडत नाही. पुन्हा बेल. मग दारावर थापा. मग ती ओरडली, "अगो बाय, शेजारी मेलीत काय गॅसनं!" वॉचमन आला, सेक्रेटरी आले, कोणीतरी पहार आणायला पळालं. आत मी उघडायला उठलो तर तू माझा सदरा धरलास. बाहेरच्यांशी बोलायचं तर नाही, पण मेलेलो नाही हे तर कळवायला पाहिजे. म्हणून तू स्तोत्र म्हणायला सुरुवात केलीस, मराठीत, वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. बाहेर एकदम शांतता. मग सासूचा आवाज आला, "जित्ती हायत. देवाचा काय तरी चाललाय. चला." तेव्हापासून दर दसऱ्याला त्या घरातून बेल वाजत नाही. फटीखालून आपट्याची दोन पानं आत सरकतात. एक तुझं, एक माझं. सासू गेली, पण सुगंधानं ते मोडलं नाही.

या दिवसातली एकच गोष्ट मला कधी पटली नाही. आपली जुनी माणसं मानायची की दारफळणीच्या आदल्या सांजेला घरातले मेलेले घरी येतात, आणि शिळ्या सणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, परत जातात. म्हणून तू उपास सुटला तरी रात्री दार उघडायची नाहीस. पांढऱ्या कापडावर आई-पपांसाठी ताट ठेवायचीस, पाण्याचा गडू ठेवायचीस. आणि सकाळी आंघोळ करून दार सताड उघडायचीस आणि मोकळ्या जिन्याकडे बघून म्हणायचीस, "या आता. पुढच्या वर्षी या." मी आतून चिडवायचो, "गणपती आहेत का ते?" हे कुठल्या शास्त्रात आहे विचारायचो. तू म्हणायचीस, शास्त्रात नसेल, घरात आहे.

यंदा मामांनी पनवेलला बोलावलं होतं. मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, कदाचित त्यांना कळलं असेल. खंडेनवमीच्या संध्याकाळी पांढरा सदरा घातला. महिन्याचं सुतकही त्या क्षणाला संपत होतं. त्या सणानं तुझं उरलेलं दुःखही माझ्या हातातून काढून घेतलं, असं म्हणून मी आधी त्यालाही शिव्या दिल्या होत्या. आणि तरी पांढरं कापड अंथरलं. आई-पपांचं ताट ठेवलं. मग तिसरं ताट काढलं. त्यात फ्रिजमध्ये राखून ठेवलेल्या हलव्याच्या दोन वड्या ठेवल्या, बिनकाळ्या बघून. दार लावलं, कडी घातली.

मी काही पाहिलं असं सांगणार नाही. तुला खोटं आवडत नाही. पंख्याचा वेग मात्र कमीच ठेवला. दिवसभर उपास केला आणि गॅलरीत पाणी प्यायला गेलो नाही. दुपारी डोकं ठणकायला लागलं. खाली ढोल, पोरांचा आरडाओरडा, "सोनं घ्या सोन्यासारखं राहा," आणि आत मी, तुझी खुर्ची, तीन ताटं. कोणी यायचं नाही, मी कुठं जायचं नाही, काही करायचं नाही. ताई, मला हवं होतं ते हेच होतं. चटईवरचे जे दिवस या पंचांगानं माझ्याकडून घेतले, त्यांतला एक अख्खा दिवस त्यानंच मला परत दिला, आणि या वेळी दार बंद करून, म्हणजे तू मध्ये उठून जायची नाहीस. मी तुझ्याशी दिवसभर बोललो. भांडलोही. माझ्याच बाजूचं आठवत होतं, तरी तू दोनदा जिंकलीस.

संध्याकाळी फटीखालून खसखस आवाज झाला. मी बघितलं. दोन पानं होती.

आज सकाळ झाली. शिळा सण. आंघोळ केली, ताटं उचलली. दारापाशी गेलो आणि कडीवर हात ठेवून उभा राहिलो. कडी काढली की तू जाणार. मी आयुष्यभर ज्या गोष्टीला हसलो ती मला खरी वाटायला हवी होती, आणि खरी वाटली तर हात उचलत नव्हता. बाहेर सुगंधा झाडत होती, मला झाडूचा आवाज येत होता. तिनं बेल वाजवली नाही. ती नुसती झाडत राहिली, एवढ्याशा जागेत, कितीतरी वेळ. मला वाटलं, थोडं थांबावं. अजून एक दिवस दार लावून ठेवलं तर कोणाचं काय जातं? मग मला मामा आठवले. दीना तुझी बहीण होती, सण सगळ्यांचा आहे. आई-पपांनाही जायचं असेल. त्यांना मी कोणत्या तोंडानं अडकवू?

दार उघडलं. सुगंधा झाडू घेऊन उभी. मी ती पानं तिला दाखवली, म्हटलं, "दोन कशाला टाकलीस गं?"

ती म्हणाली, "ताई घरातच व्हती ना कालच्याला? तीच मना सांगायची, त्या दिवशी सगली घरा येतात म्हनून. मग तिचा सोना नको?"

ती झाडू घेऊन बाजूला सरकली, भिंतीला टेकली, वाट मोकळी करून दिली. जिना खालपर्यंत रिकामा होता. चार दिवसांनी कोजागिरी, आपल्या मांडवाचा सण, गच्चीवर बांबू चढवायचे आहेत, सेक्रेटरींची परवानगी काढायची आहे, ते तूच दर वर्षी गोड बोलून काढायचीस. यंदा मी भांडून काढीन. पण ते नंतरचं. तिथं उंबऱ्यावर उभं राहून मला तुझं वाक्य म्हणायचं होतं, आणि मला तेवढ्यावर थांबता येईना, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"ये ताई," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी ये. गहू मी भिजत घालतो."